पत्ता आत, पार्सल बाहेर: मातीच्या नॅनोनळ्यांतून औषध पोचवण्याच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका विद्यापीठातल्या संशोधन गटाचे आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी या गटात दुसऱ्या वर्षी सल्लागार म्हणून गेलो, म्हणून पहिल्या वर्षाविषयी इथे जे लिहिले आहे ते प्रयोगवह्या आणि जुनी सादरीकरणे चाळून लिहिले आहे. माझे स्वतःचे काम आयुष्यभर गोळ्या आणि कॅप्सूल बनवण्याचे. नॅनोच्या जगात मी पाहुणाच होतो, आणि या प्रकरणात त्याचा थोडा फायदाच झाला.

पार्श्वभूमी

हॅलोसाइट ही चिकणमातीच, फक्त सुरळी झालेली. तिची रासायनिक घडण केओलिनसारखीच असते. एका बाजूला सिलिकाचा पापुद्रा, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनाचा. या दोन पापुद्र्यांची मापे एकमेकांशी नीट जुळत नाहीत. केओलिनमध्ये थर एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते सपाट राहतात. हॅलोसाइटमध्ये थरांच्या मध्ये पाणी शिरलेले असते, पकड ढिली होते आणि थर वळतात. १८२६ मध्ये पिएर बेर्तिए यांनी या खनिजाचे वर्णन केले आणि ओमालियस द'हालोय या बेल्जियन भूवैज्ञानिकाचे नाव त्याला दिले.

ढोबळ मापे अशी: बाहेरचा व्यास ५० ते ७० नॅनोमीटर, आतल्या पोकळीचा १० ते २०, लांबी अर्धा ते दीड मायक्रोमीटर. सिलिका बाहेर येते आणि अ‍ॅल्युमिना आत राहते, म्हणून नळीच्या दोन पृष्ठभागांचे स्वभाव वेगळे असतात. बाहेरची बाजू आम्लता (म्हणजे पीएच; आकडा जितका लहान तितके आम्ल जास्त) २ च्या वर ऋणभारित असते, तर आतली बाजू साधारण ८.५ पर्यंत धनभारित राहते. आयती पोकळ नळी, तीही जमिनीतून खणून काढलेली आणि कार्बन नॅनोट्यूबच्या तुलनेत अतिशय स्वस्त. औषध भरायचा मोह न झाला तरच नवल. २००१ मध्ये अमेरिकेत प्राइस, गेबर आणि ल्वोव्ह यांनी टेट्रासायक्लिनसह तीन पदार्थ या नळ्यांत भरून ते हळूहळू बाहेर येताना मोजले आणि तिथून या विषयाला गती आली.

आपल्या गटाने निवडले डॉक्सोरुबिसिन. हे कर्करोगावरचे जुने, प्रभावी औषध, पण हृदयाला घातक. कल्पना सोपी होती: नळीत डॉक्सोरुबिसिन, नळीच्या बाहेर फॉलिक आम्ल. काही गाठींच्या पेशींवर फॉलेटचे ग्राहक, म्हणजे फॉलिक आम्ल पकडणारी प्रथिने, जास्त असतात, त्यांना नळी चिकटेल. हे सगळे शिरेवाटे द्यायचे. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर एक देखणे चित्र होते. निळी नळी, पोकळीत लाल ठिपके, बाहेर हिरवे काटे. या चित्राकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पहिले वर्ष

पहिले वर्ष कागदावर उत्तम गेले. औषधाच्या द्रावणात पावडर ढवळली, निर्वात केले, हवा परत सोडली, असे तीनदा. मग सेंट्रिफ्यूज, एकदा धुणे, सुकवणे. औषधभार वजनाच्या १० टक्क्यांच्या बऱ्यापैकी वर आला. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लाल चमकल्या. फॉलिक आम्ल लावलेल्या नळ्यांनी साध्या नळ्यांपेक्षा जास्त पेशी मारल्या. परिषदेसाठी सारांश गेला.

गटप्रमुखांना दोष द्यायचा नाही, पण एक गोष्ट वह्यांत ठळक दिसते. यातल्या कुठल्याही निकालाला "हे दुसऱ्या कारणाने झाले असेल का?" असे कुणी विचारलेले नाही.

अडचण कशी समोर आली

पीएचडीच्या विद्यार्थिनीने एका पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले होते: "पाचव्या धुण्याचे पाणीही लालच." डॉक्सोरुबिसिन रंगीत असल्यामुळे हे तिला नुसत्या डोळ्यांना दिसत होते. तिने ते बैठकीत सांगितले होते, आणि जास्त धुतल्याने औषध वाया जाते, म्हणून एकदाच धूत जा, असा सल्ला तिला मिळाला होता.

मी गेलो तेव्हा तिने तेच पान माझ्यापुढे ठेवले. "सर, औषध पोकळीत असेल तर ते इतक्या सहज धुऊन का निघतं?"

आम्ही कागद घेतला आणि शाळेतले गणित केले. त्यांच्याच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत नळीचा बाहेरचा व्यास ५० च्या आसपास होता आणि आतला १५. म्हणजे पोकळीचा वाटा १५ भागिले ५०, त्याचा वर्ग, म्हणजे एकूण आकारमानाच्या ९ टक्के. मातीची घनता साधारण २.५, सेंद्रिय औषधाची १.३ धरू. पोकळी औषधाने काठोकाठ, दगडासारखी गच्च भरली, तरी औषधाचा वाटा वजनाच्या जेमतेम ५ टक्के येतो. त्यांचा आकडा याच्या दुपटीहून मोठा होता. उरलेले औषध कुठे होते?

उत्तर विद्युतभारात होते. शरीराच्या आम्लतेला डॉक्सोरुबिसिनवर धनभार असतो. नळीची पोकळीही धनभारित. दोन्ही एकमेकांना ढकलणार. बाहेरचा ऋणभारित सिलिका मात्र हे औषध आनंदाने धरणार. झीटा पोटेन्शियलची, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराच्या मापाची, नोंद वहीत आधीपासूनच होती: औषध भरल्यावर नळीचा ऋणभार बराच घटला होता. बाहेरच्या सिलिकावर धनभारित औषध बसले की असेच होते. ऋणभारित रेणू आत जातो तेव्हा आतला धनभार झाकला जातो आणि नळी एकंदरीत आणखी ऋण दिसते. नायट्रोजन शोषणाच्या मोजणीतही भरण्याआधीचे आणि नंतरचे छिद्रांचे आकारमान जवळजवळ सारखेच निघाले. पोकळी रिकामी होती. तिन्ही पुरावे एकाच कपाटात, तीन वेगळ्या फायलींत पडून होते.

मग फॉलिक आम्लाची पाळी. ते जोडण्यासाठी आधी नळीवर अमिनो गट असलेले सिलेन (जोडणीसाठीचे सिलिकॉनयुक्त रसायन) बसवले होते. या सिलेनला धरायला हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) लागतो. बाहेरच्या सिलिकाच्या पृष्ठभागावर असे हायड्रॉक्सिल फारसे नसतात, फक्त कडांना आणि दोषांच्या जागी असतात. आतली अ‍ॅल्युमिना मात्र हायड्रॉक्सिलने भरलेली. त्यामुळे सिलेनचा आणि त्यामागोमाग फॉलिक आम्लाचा मोठा भाग पोकळीत आणि नळीच्या तोंडाशी बसलेला असणार. विद्यार्थिनी काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे पत्ता आत आणि पार्सल बाहेर." प्रस्तावातले चित्र नेमके उलटे झाले होते.

पेशींचे प्रयोगही यात सापडले. डॉक्सोरुबिसिन स्वतःच लाल चमकते. नळीपासून सुटून ते एकटेच पेशीत शिरले तरी पेशी लाल दिसणारच. लाल रंगाने औषध पोचल्याचे कळते, नळी पोचल्याचे नाही. फॉलेटचा परिणाम म्हणून जो दाखवला होता, त्यातही एक तुलना राहून गेली होती: अमिनो सिलेन लावलेली पण फॉलिक आम्ल नसलेली नळी. अमिनो गटांमुळे धनभार येतो आणि धनभारित कण पेशींच्या ऋणभारित पडद्याला तसेही चिकटतात. शिवाय पेशी ज्या नेहमीच्या माध्यमात वाढवल्या, त्यातच फॉलिक आम्ल मुबलक होते, म्हणजे ग्राहक आधीच व्यापलेले.

सगळ्यात साधी चाचणी मी शेवटी करायला लावली. शुद्ध पाण्यात छान तरंगणाऱ्या नळ्या सलाईनमध्ये टाकून परीक्षानळी तासभर टेबलावर ठेवली. खाली गाळ. शरीराइतक्या खारट द्रावणात कणांमधले विद्युत प्रतिकर्षण एक नॅनोमीटरच्याही आत विरून जाते आणि कण एकमेकांना चिकटतात. केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर असतो. हे गुठळे शिरेतून सोडले तर ते आधी फुफ्फुसांत अडकतील.

आणि डोस? डॉक्सोरुबिसिन एकटे देतात तेव्हा शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रत्येक चौरस मीटरला ६० ते ७५ मिलिग्रॅम, दर २१ दिवसांनी. मध्यम बांध्याच्या माणसाला शंभरेक मिलिग्रॅम. ५ टक्के औषधभार धरला तर एका वेळी २ ग्रॅम माती रक्तात. लक्ष्यवेधामुळे डोस चौथाईवर आला असे मानले तरी अर्धा ग्रॅम. हॅलोसाइट शरीरात विघटित होत नाही. पेशी ती थोड्या प्रमाणात सहन करतात, तसे निकाल आहेत, पण काचेच्या ताटलीत सहन होणे आणि यकृत-प्लीहेत वर्षानुवर्षे पडून राहणे यात फार अंतर आहे.

पर्याय

बैठक दोन तास चालली. चार पर्याय मांडले गेले.

पहिला: आहे तेच पुढे न्यायचे. नळीला पॉलिमरचे आवरण द्यायचे, गुठळे थांबवायचे, रसायनाचा क्रम बदलायचा. गटप्रमुखांचा कल इकडे होता. ते समजण्यासारखे आहे. सारांश गेलेला, एक वर्ष खर्ची पडलेले. पण आवरणाने गुठळ्यांचा प्रश्न सुटतो, विघटनाचा सुटत नाही. आणि आधीच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये जो आढावा निघाला, त्यात शिरेवाटे दिलेल्या नॅनोकणांपैकी घन गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के होते. उरलेली माती कुठे जाणार, हा प्रश्न उरतोच.

दुसरा: वाहक बदलायचा, लायपोसोम (स्निग्ध पडद्याची सूक्ष्म पिशवी) घ्यायचा. पण लायपोसोममधले डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ पासून मान्यताप्राप्त आहे. खनिजावर काम करणाऱ्या गटाने त्यात नवीन काय घालायचे?

तिसरा: नळीची टोके बंद करायची. २०१५ मध्ये एका गटाने ब्रिलियंट ग्रीन हा रंग नळीत भरून तोंडाला डेक्स्ट्रिनची बुचे लावली होती. ज्या पेशींत साखळी-साखर तोडणारी विकरे जास्त, तिथे बूच फुटते आणि विष मोकळे होते. लक्ष्यवेधाची ही कल्पना मला आजही फॉलेटपेक्षा जास्त आवडते, कारण इथे पत्ता ओळखायचे काम पेशीच्या आतल्या यंत्रणेवर सोपवले आहे. पण आपले औषध मुळात आत नव्हतेच. रिकाम्या बाटलीला बूच लावून काय होणार?

चौथा: औषध आणि मार्ग दोन्ही बदलायचे. जिथे मातीचे विघटन न होणे अडत नाही, अशी जागा शोधायची. त्वचा, जखम, दातांचे सिमेंट, किंवा आतडे. आतड्यातून माती पुढे सरकून निघून जाते. अतिसारावर स्मेक्टाइट माती तोंडावाटे देतातच.

निर्णय

चौथा पर्याय ठरला, आतडे ठरले, आणि लगेच पुढची चूक होता होता राहिली.

मोठ्या आतड्याच्या दाहावर मेसालाझिन हे पहिल्या पसंतीचे औषध. हॅलोसाइटवर ते भरल्याचे निबंध उपलब्ध होते, त्यामुळे सगळ्यांनी मान डोलावली. विद्यार्थिनीने यावेळी आधी गणित केले. मेसालाझिनचा डोस दिवसाला २.४ ग्रॅमपासून सुरू होतो. ५ टक्क्यांनी रोज ४८ ग्रॅम पावडर. वाटीभर माती कोण खाणार? तो विचार तिथेच संपला. औषधभाराचा टक्का निबंधात सुटा वाचला की निरुपद्रवी वाटतो. डोसशेजारी ठेवला की तो निवाडा देतो.

म्हणून निकष असे लिहून काढले: औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये हवा, भरताना त्यावर ऋणभार हवा, काम आतड्यातच हवे. त्यात बसले प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे सोडियम फॉस्फेट. गुदाशयाच्या दाहावर २० मिलिग्रॅमचा एनिमा म्हणून ते वापरात आहे. २० मिलिग्रॅमला ४०० मिलिग्रॅम पावडर लागते, म्हणजे एक-दोन कॅप्सूल. ब्युडेसोनाइड हे दुसरे स्टेरॉइडही चर्चेत होते. त्याचा डोस आणखी लहान आणि यकृत त्याचा मोठा भाग लगेच निकामी करते, ही जमेची बाजू. पण त्यावर भार नाही, पोकळीने त्याला ओढून घ्यायचे काही कारण नाही. औषध म्हणून ब्युडेसोनाइड सरस, नळीच्या दृष्टीने फॉस्फेट सरस. गटाने नळीच्या बाजूने कौल दिला. माझे मत तेव्हाही वेगळे होते.

कृती

भरण्याचे द्रावण आम्लता ५ च्या आसपास ठेवले, म्हणजे औषध ऋण आणि पोकळी धन. प्रत्येक धुण्याचे पाणी जपून मोजले आणि घातलेले, धुऊन गेलेले, पावडरीत राहिलेले यांचा ताळेबंद जुळल्याशिवाय नमुना पुढे न्यायचा नाही, असा नियम केला. औषध आणि माती कोरडी मिसळून केलेला नमुना प्रत्येक प्रयोगात सोबत ठेवला. वरून युड्रॅजिट एस १०० या पॉलिमरचे आवरण दिले. हे आवरण आम्लता ७ च्या वर विरघळते, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटाला आणि पुढे. एकूण लक्ष्यवेध या योजनेत एवढाच: पत्ता आवरणावर, फॉलिक आम्लाशिवाय.

औषधभार आता पहिल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी आला. पण तो भूमितीच्या मर्यादेत बसत होता, नळी जास्त ऋण झाली होती, छिद्रांचे आकारमान घटले होते. तीन वेगळी मोजमापे एकच गोष्ट सांगत होती. कमी आकडा पाहून प्रयोगशाळेत पेढे वाटल्याचे मी तरी प्रथमच पाहिले.

मधे मातीची दुसरी पिशवी आली. क्ष-किरण विवर्तनात १२ अंशांजवळचे हॅलोसाइटचे शिखर होते, पण २६.६ अंशांना क्वार्ट्‌झचेही टोकदार शिखर निघाले. खनिज खाणीतून येते, एक पोते दुसऱ्यासारखे नसते. श्वासात गेलेले बारीक क्वार्ट्‌झ फुफ्फुसांना घातक, म्हणून पावडर हाताळताना मास्क सक्तीचा झाला आणि पिशवी परत गेली. यात दोन महिने गेले.

आणखी एक फसगत

आता औषध सुटण्याची चाचणी. आधी दोन तास आम्लात, मग पीएच ६.८, मग ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात). आलेख इतका सुंदर आला की मला शंका आली. आवरण उतरताच औषध जवळजवळ पूर्ण बाहेर.

फॉस्फेट बफर! अ‍ॅल्युमिनाला फॉस्फेटची फार ओढ असते. आपले औषध फॉस्फेट गटानेच पोकळीला चिकटलेले, आणि आम्ही ते फॉस्फेटच्या समुद्रात सोडलेले. बफरचे फॉस्फेट आत शिरून औषधाला हुसकावून लावत होते. आतड्यातला बफर मुख्यतः बायकार्बोनेटचा असतो. मग बायकार्बोनेट बफर केला. तो त्रासदायक असतो. कार्बन डायऑक्साइड निसटला की आम्लता सरकते, म्हणून वायू सोडत राहावा लागतो. त्यात औषध सावकाश सुटले आणि एक हिस्सा सुटलाच नाही.

इथे गटात मतभेद झाले. एका सहकाऱ्याचे म्हणणे, औषधशास्त्राच्या मानक चाचण्यांत फॉस्फेट बफर सर्रास चालतो, तोच आलेख छापू. ते खोटे नव्हते. पण ज्याला कारण कळले आहे त्याने तो एकटाच आलेख छापणे मला पटेना. शेवटी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी द्यायचे ठरले.

निष्पत्ती

परिषदेचा सारांश मागे घेतला गेला. फॉलेटचा भाग प्रबंधात राहिला, पण "औषधाचे आणि गटांचे स्थान कसे ओळखावे" या प्रकरणाखाली, आणि माझ्या मते ते प्रबंधातले सर्वांत उपयोगी प्रकरण आहे. आतड्यासाठीची कॅप्सूल प्रयोगशाळेच्या टप्प्यावर आहे. आम्लात ती टिकते, योग्य ठिकाणी उघडते, पण सगळे औषध देत नाही.

प्राण्यांवरच्या चाचण्यांकडे गट अजून वळलेला नाही, आणि ते बरोबर आहे. २०१८ मध्ये उंदरांना ३० दिवस रोज तोंडावाटे हॅलोसाइट दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त मात्रेत यकृतात अ‍ॅल्युमिनियम साठले आणि ऑक्सिडीकरणाची इजा दिसली. आतड्यातून माती नुसती निघून जाते, हे आमचे गृहीतक तेवढे निर्धोक नाही.

काय वेगळे करता आले असते

भूमितीचे आणि डोसचे गणित प्रस्ताव लिहितानाच करता आले असते. त्याला अर्धा तास आणि एक कागद लागतो. सलाईनमधली परीक्षानळी पहिल्या आठवड्यात ठेवता आली असती. पेशींच्या प्रयोगात मोकळे औषध, रिकामी नळी, आणि फॉलिक आम्लाविना अमिनो नळी या तीन तुलना असत्या, तर लाल रंगाने कुणी भुलले नसते. नळीवर वेगळ्या रंगाची खूण असती, तर औषध आणि वाहक सुटे दिसले असते.

मार्ग आधी ठरवायला हवा होता, हे मी बैठकीत म्हणालो तेव्हा गटप्रमुखांनी उत्तर दिले, "आमच्याकडे नळी होती, म्हणून प्रकल्प झाला." प्रामाणिक उत्तर आहे. बहुतेक प्रयोगशाळांत असेच होते, आणि हातात साहित्य आहे म्हणून सुरुवात करण्यात गैर काही नाही. फक्त त्या दिवशी शीर, त्वचा, आतडे अशी यादी करून नळीला कुठे जाता येणार नाही ते आधी खोडायला हवे होते. शीर पहिल्याच ओळीत खोडली गेली असती.

पेन्सिलीच्या त्या ओळीचेही सांगायला हवे. विद्यार्थिनीने ती बैठकीत बोलून दाखवली होती, पण तक्रारीच्या सुरात, आणि तिला उत्तरही तक्रारीचेच मिळाले. आता गटात दर आठवड्याला पंधरा मिनिटे फक्त न पटणाऱ्या नोंदींसाठी ठेवली जातात. पहिल्या काही आठवड्यांत कुणी बोलत नव्हते.

न सुटणाऱ्या हिश्श्याविषयी दोन मते अजून आहेत. एक म्हणते तो तोटा. दुसरे म्हणते, आतड्यातले अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर फॉस्फेटचा गट तोडेल, उरलेल्या प्रेडनिसोलोनला पोकळीशी बांधणारे काही राहणार नाही आणि ते सावकाश बाहेर येईल. पण ते विकर १५ नॅनोमीटरच्या तोंडातून आत शिरेल, की फक्त तोंडाशी अडकलेल्या रेणूंना तोडून थांबेल? विकराची बाटली मागवली आहे. यावेळी रिकाम्या नळीचा नमुना यादीत पहिला आहे.